लोकरी बंदगळा, दहा महिन्यांनंतर: कापड खरे, अस्तर खोटे

मे महिन्यात भुसावळला एका लॉनवर रिसेप्शन होते. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, तरी हवेतली धग उतरलेली नव्हती. वरणबट्टीच्या काउंटरवर ताट पुढे केले आणि माझ्या उजव्या काखेत ‘टर्र’ असा आवाज झाला. वरून कोटाला काहीच झालेले नव्हते. घरी येऊन कोट उलटा केला, तेव्हा मुंढ्याच्या शिवणीपाशी अस्तर चार बोटे उसवलेले आणि त्याखाली आडवे फाटलेले दिसले. साडेचौदा हजारांचा बंदगळा, म्हणजे गळ्यापर्यंत बंद होणारा उभ्या कॉलरचा कोट, पाचव्या महिन्यात, सहाव्या वापराला आतून फाटला होता. या अस्तरापायी पुढच्या पाच महिन्यांत मला जे कळले, ते समारंभासाठी चांगला कोट घेऊ पाहणाऱ्या खानदेशातल्या प्रत्येकापर्यंत पोहोचावे असे मनापासून वाटते, कारण दुकानात ते कोणी सांगत नाही.

कोट जळगावात डिसेंबरात तयार घेतला. गडद निळा रंग, सुपर १०० म्हणजे बारीक तंतूंची लोकर, पुढे सहा बटणे, सोबत त्याच कापडाची पँट. टाय बांधण्याची कटकट नको आणि लग्न, साखरपुडा, मैफल, संस्थेचे स्नेहभोजन अशा सगळ्या प्रसंगांना एकच कपडा पुरावा, म्हणून बंदगळा निवडला. एरवी कपड्यांवर मी इतका खर्च करत नाही. दहा वर्षे टिकेल हा हिशोब मनाशी करूनच पैसे मोजले होते.

पहिले दोन महिने मी या कोटावर निहायत खूश होतो. जानेवारीत जळगावच्या बालगंधर्व संगीत महोत्सवाला तो घालून गेलो, तेव्हा बाहेर चांगलीच थंडी होती आणि कोटाची ऊब हवीहवीशी वाटत होती. तीन तास खुर्चीत बसून उठलो, तरी पाठीवर एक चुणी नव्हती. खांदा नेमका बसलेला, कॉलरचा हूक गळ्याला न रुतणारा, आणि आतले किरमिजी, चकचकीत अस्तर तर मला फारच रुबाबदार वाटले होते. तेव्हा मी हा अनुभव लिहिला असता, तर त्या अस्तराचे कौतुकच केले असते.

मार्चपासून चित्र पालटले. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि लग्नाचे मुहूर्तही त्याच दिवसांत दाटीने असतात, म्हणजे नटूनथटून निघण्याचा आणि भाजून निघण्याचा हंगाम एकच. चाळीसगावच्या एका स्वागत समारंभात अर्ध्या तासात सदरा पाठीला चिकटला. जेवताना कोट काढून खुर्चीवर टाकावा म्हणून मी हात सोडवू लागलो, तेव्हा सौभाग्यवती हळूच म्हणाली, “राहू द्या अंगात, पाठ पूर्ण ओली दिसते आहे.” मग दोन तास तसाच बसलो. त्या रात्री मी दोष दिला तो लोकरीला. खानदेशात लोकर घालणे हीच चूक झाली, असे मी घरात आणि मित्रांत उघडपणे बोलत होतो. ते मत मला पुढे पूर्णपणे मागे घ्यावे लागले.

भुसावळच्या प्रसंगानंतर कोट घेऊन दुकानात गेलो. पावती होती, खरेदीला सहा महिनेही झालेले नव्हते. तिथल्या व्यवस्थापकांनी वरचे कापड बोटांनी चाचपले आणि कापडात दोष नाही, अस्तराची हमी आम्ही देत नाही, असे सांगितले. हमी देत नाही, हे पावतीवर कुठे छापले आहे असे विचारल्यावर त्यांनी पुढच्या खरेदीवर हजार रुपयांची सूट देऊ केली. मला सूट नको होती, माझा कोट नीट करून हवा होता. दोन फेऱ्या झाल्या, आवाज चढले, शेवटी मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर दुकानाने अस्तर विनामूल्य शिवून दिले, ते मात्र त्याच फाटक्या कडा आत दुमडून, वर मशीनची दुहेरी टीप मारून. त्यामुळे काख आणखी आवळली आणि जूनमध्ये डाव्या बाजूचे अस्तर उसवले. ग्राहकाने साडेचौदा हजार मोजल्यावर आतली बाजू ‘किरकोळ’ कशी ठरते, हे मला आजही पटलेले नाही.

जुलैत सुरत मार्गावरच्या गाडीने अमळनेरला गेलो. तिथे माझ्या मामेभावाचे जुने शिंपी आहेत, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. कोट पुढ्यात ठेवून मी लोकरीबद्दलची माझी तक्रार सांगू लागलो. त्यांनी काही न बोलता कोट उलटा केला, आतल्या शिवणीच्या मायेतून, म्हणजे शिवणीपलीकडे सोडलेल्या जादा कापडातून, लोकरीचा एक धागा ओढला, तो चिमट्यात धरून काडी लावली. धागा सावकाश जळला, ज्योत दूर होताच विझला, केस जळाल्याचा वास सुटला आणि राख बोटांत चुरगळली. मग अस्तराचा धागा घेतला. तो ज्योतीपाशी नेताच आक्रसला, वितळला, काळा धूर निघाला आणि टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा कडक काळा मणी तयार झाला. तो मणी माझ्या तळहातावर ठेवून आप्पा म्हणाले, “कापड चांगलं शे दादा, पन अस्तर खोटं शे.”

त्या मण्याने सगळा उलगडा केला. ते अस्तर शंभर टक्के पॉलिएस्टर होते. प्रमाणित हवामानात लोकर आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के ओलावा धरते. पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. म्हणजे माझ्या घामाला वाट देणारे कापड बाहेरच्या बाजूला आणि घाम अडवणारा पडदा सदऱ्याला लागून, अशी ती रचना होती. उत्तम लोकर घेऊन तिच्या आत प्लास्टिकची पिशवी शिवावी, असा हा प्रकार आहे. लोकरीला मी चार महिने विनाकारण बोल लावले.

फाटण्याचे कारणही आप्पांनी दाखवले. अस्तर कोटापेक्षा थोडे सैल हवे आणि पाठीच्या मध्यावर त्याला उभी चुणी हवी, म्हणजे हात पुढे गेला की चुणी उघडते आणि ताण शिवणीवर येत नाही. माझ्या कोटात चुणी होती ती जेमतेम नखाएवढी, आणि मुंढ्याशी माया इतकी कमी की टीप धाग्यांच्या अगदी काठावर बसलेली. वाचवलेले कापड फार तर वीतभर असेल.

आप्पांनी सुचवले ते क्युप्रोचे अस्तर, बाजारात ‘बेंबर्ग’ नावाने मिळते. ते बनते कशापासून, हे कळल्यावर मी थक्क झालो. जिनिंगमध्ये कापूस वेगळा झाल्यावर सरकीला जी आखूड लव चिकटून राहते, ते लिंटर. ते तांबे आणि अमोनियाच्या द्रावणात विरघळवून हा धागा काढतात. जपानची असाही कासेई ही कंपनी १९३१पासून तो तयार करते आहे. सरकी आणि ढेप ज्यांच्या अंगणातली, त्या खानदेशातल्या माणसाने कोटात पॉलिएस्टर घालून उकडत बसावे, याचे मला खरोखर वाईट वाटले. क्युप्रो सुमारे ११ टक्के ओलावा धरते, बाहीत हात रेशमासारखा सरकतो आणि कोट काढताना अंगाला तडतडत नाही.

जुने अस्तर पूर्ण उसवून आप्पांनी अर्धे अस्तर लावले: दोन्ही बाह्या, पुढचे भाग आणि पाठीचा वरचा हिस्सा. पाठीचा खालचा भाग मोकळा ठेवून तिथल्या शिवणींना पट्टी लावली. मध्यावर दोन बोटांची चुणी घेतली आणि मुंढ्याची शिलाई हाताने घातली. अस्तर आणि मजुरी मिळून २,५०० रुपयांच्या आसपास गेले, आठ दिवस लागले. हा खर्च मला टोचला, कारण तो दुकानाने पहिल्याच दिवशी करायला हवा होता.

त्यानंतर कोट पाच वेळा घातला. ऑगस्टच्या दमट हवेत धुळ्याला एका स्नेहभोजनात चार तास बसलो आणि जेवताना कोट निःशंक काढून ठेवला; सदरा पाठीवर कोरडा होता, कॉलरपाशी तेवढा ओलावा. ऑक्टोबरच्या उन्हातला साखरपुडाही निभावला. मे महिन्याची परीक्षा अजून व्हायची आहे, आणि ४५ अंशांत कोणताही कोट गारवा देणार नाही हे मला मान्य आहे. क्युप्रोची एक बाजू मात्र जपावी लागते: ओले झाल्यावर ते कमजोर पडते. घामेजलेला कोट हिसकून काढू नये. बाही आधी मनगटाकडून सोडवावी आणि कपाटात लावण्याआधी रात्रभर रुंद हँगरवर उलटा टांगावा.

बाकी बाबतीत कोट चोख आहे. बटणे घट्ट आहेत, निळा रंग उतरलेला नाही, छातीवर फुगे आलेले नाहीत. दर वापरानंतर ड्रायक्लीनला देणे मी बंद केले. ब्रश फिरवून वारा दिला की पुरते, आणि तेवढे पैसे वाचतात. दुकानात उभे असाल तर कोट अंगात घालण्याआधी उलटा करा, अस्तराच्या आतल्या पट्टीवर काय छापले आहे ते वाचा, पाठीची चुणी उघडून बोटांनी मोजा, आणि मग हात ताटापर्यंत पुढे करून बघा.

पँटला गुडघ्यापर्यंत अजून तेच किरमिजी पॉलिएस्टर आहे. उरलेले क्युप्रो आप्पांनी घडी करून माझ्याजवळ दिले आहे. दिवाळीनंतर पँट घेऊन अमळनेरला जायचे आहे.