रात्रीचं जागरण की पहाटेचा अभ्यास?

दहावीला आमच्या घरी दोन पक्ष होते. आजीचा पक्ष पहाटेचा. 'लवकर निजे, लवकर उठे' हे तिचं पालुपद, आणि ब्राह्ममुहूर्तावर वाचलेलं विसरत नाही हा ठाम विश्वास. ब्राह्ममुहूर्त म्हणजे सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी सुरू होणारी ४८ मिनिटं. मोठा भाऊ रात्रीचा: स्टीलच्या पेल्यात चहा, डोळ्यांवर पाण्याचा हबका, आणि दोन वाजेपर्यंत इतिहासाच्या सनावळ्या.

मी दोन्ही करून पाहिलं. जागून पाठ केलेलं सकाळी अर्धंमुर्धंच आठवायचं. यामागे कारण आहे. दिवसभर वाचलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो; गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पहिल्या भागात लागते, स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढते. १९२४ मध्ये जेन्किन्स आणि डॅलेनबाख या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत दाखवलं होतं, की पाठ करून झोपलेल्यांना जागे राहिलेल्यांपेक्षा जास्त आठवतं.

म्हणून माझं मत आजीकडे, पण एका अटीवर. अकराला झोपून चारला उठवलेल्या मुलाचीही झोप तुटतेच, आणि तीही पहाटेची. त्यात किशोरवयात झोपेची वेळच पुढे सरकते. लवकर झोप येत नाही हा आळस नव्हे. पहाटे उठायचं तर नऊ-साडेनऊला दिवा मालवा. घरातला टीव्हीही बंद करा, हे पालकांसाठी.

उशीखाली पुस्तक ठेवायचं तर खुशाल ठेवा. आधी ते एकदा वाचून.