अॅड्रिनॅलिनचं ऑटो-इंजेक्टर पेन: काही महिने सोबत बाळगल्यावर आणि एकदा टोचल्यावर

लेकीला शेंगदाण्याची तीव्र अॅलर्जी आहे. त्यामुळे अॅड्रिनॅलिनची (तीव्र अॅलर्जीत तातडीने टोचायच्या औषधाची) दोन पेनं गेले कित्येक महिने ती जाईल तिथे सोबत असतात. मध्यंतरी एक टोचायची वेळही आली.

वापरायला पेन खरंच सोपं आहे. निळी टोपी सरळ वर ओढून काढायची, पेन मुठीत धरायचं आणि नारिंगी टोक मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर जोरात दाबायचं. कपड्यावरूनही टोचता येतं, फक्त खिशातलं काही मध्ये येऊ द्यायचं नाही. ‘खट्’ वाजलं की आमचं पेन 3 सेकंद तसंच दाबून धरावं लागतं. काही पेनांना 10 सेकंद लागतात, म्हणून आपल्या पेनावरच्या सूचनाच पाठ कराव्यात. अंगठा कुठल्याच टोकावर ठेवू नका, पेन उलटं धरलं गेलं तर सुई अंगठ्यात जाते.

अवघड असतं ते ‘आता टोचायचं’ हे ठरवणं. त्या दिवशी आधी तिच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले. मग खोकला सुरू झाला आणि आवाज घोगरा झाला. घरातलं कुणीतरी म्हणालं, “आधी अॅलर्जीचं सिरप देऊन बघू या का?” सिरपने खाज आणि गांधी कमी होतात. सुजलेला घसा मोकळा होत नाही, घसरलेलं ब्लडप्रेशर वर येत नाही. ते काम अॅड्रिनॅलिनचं. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कागदावर ‘श्वासाला त्रास किंवा आवाजात बदल म्हणजे लगेच पेन’ असं स्पष्ट होतं, म्हणून वाद घालायची वेळच आली नाही. असा कागद प्रत्येकाने मागून घ्यावा.

टोचल्यावर थोड्याच वेळात श्वास सुधारला. मग हात थरथरायला लागले. “आई, छातीत धडधडतंय,” म्हणाली. हे औषधामुळे होतं आणि ओसरतं, हे तिला आधीच सांगितलेलं असल्याने ती घाबरली नाही. आणखी एक गोष्ट माहीत असू द्या: टोचून झाल्यावरही पेनात बरंच औषध उरतं. पेन तसंच बनवलेलं असतं, डोस पूर्ण गेलेला असतो.

बरं वाटलं तरी उठून चालू द्यायचं नाही. आडवं करून पाय उंच ठेवायचे, दम लागत असेल तर पाय पसरून बसवायचं आणि अॅम्ब्युलन्स बोलवायचीच. काही तासांनी त्रास उलटू शकतो, म्हणून तिला रात्रभर हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. दुसरं पेन सोबत असतं ते यासाठी: पाचेक मिनिटांत फरक पडला नाही तर ते टोचायचं.

तक्रारी आहेत. पेन लांबुळकं, मुलांच्या खिशात मावत नाही. मुदत फार लवकर संपते. ना फ्रिजमध्ये ठेवता येतं, ना उन्हात उभ्या गाडीत. पेनाच्या पारदर्शक खिडकीतून औषध गढूळ किंवा तपकिरी दिसलं तर बदलायचं, हे मी दर महिन्याला बघते. डोस वजनावर ठरतो, त्यामुळे मूल वाढेल तसं 0.15 मिलिग्रॅमवरून 0.3 वर कधी जायचं, ते डॉक्टरांना विचारत राहा.

सर्वांत जास्त उपयोग झाला सुई आणि औषध नसलेल्या सरावाच्या पेनाचा. आजीपासून वर्गशिक्षिकेपर्यंत सगळ्यांनी त्यावर हात बसवला आहे. वापरलेल्या पेनाच्या जागी नवीन हातात पडेपर्यंत मात्र लेकीला शाळेच्या सहलीला पाठवलं नाही. ती रुसली, पण एकच पेन देऊन मी तिला कुठेही पाठवणार नाही.