तयार स्मार्ट पट्टी घ्यावी की स्वतः जोडावी?

पीओपीच्या खाचेत, टीव्हीच्या मागे किंवा देवघरावर रंगीत एलईडी पट्टी लावायची ठरली की दोन वाटा दिसतात. एक म्हणजे डब्यात सगळं तयार मिळणारी वाय-फायवाली पट्टी: अडॅप्टर, कंट्रोलर, इवलासा रिमोट आणि कंपनीचं अ‍ॅप. दुसरी म्हणजे सुटी डिजिटल पट्टी आणायची, तिला ईएसपी या वाय-फायवाल्या चिपचा छोटा बोर्ड जोडायचा आणि त्यावर डब्ल्यूएलईडी हे मोफत सॉफ्टवेअर चढवायचं. आमच्या घरी दोन्ही नांदल्या आहेत. पहिली आता शिलाई मशीनच्या टेबलाखाली असते, दुसरी हॉलमध्ये. माझा कल यावरून कळलाच असेल, पण पहिलीची बाजूही नीट मांडतो, कारण काही घरांना तीच सोयीची.

फरक तारांपासून सुरू होतो. स्वस्तातली तयार पट्टी बहुतेक चार तारांची असते: एक बारा व्होल्टची, बाकी तीन लाल, हिरवा आणि निळा यांच्या. अख्खी पट्टी एका वेळी एकाच रंगाची होते. डब्ल्यूएस२८१२बी जातीच्या सुट्या डिजिटल पट्टीत तीनच तारा, पाच व्होल्ट, ग्राउंड आणि डेटा, पण प्रत्येक दिव्याच्या पोटात स्वतःची चिप. पंगतीत लाडवांचं ताट हातोहात पुढे जावं तसा डेटा सरकतो. पहिला दिवा आपल्या वाट्याचे २४ बिट काढून घेतो, उरलेले पुढच्याला देतो. म्हणून हवा तो दिवा हव्या त्या रंगाचा करता येतो. एखादा दिवा मधेच मेला तर मात्र त्याच्या पुढची सगळी पंगत उपाशी. बारा व्होल्टच्या डब्ल्यूएस२८१५ पट्टीत याच कारणासाठी डेटाची एक राखीव तार असते. महागड्या तयार किटमध्येही आता असे सुटे रंग मिळतात, पण मग किमतीचा मुद्दा उरत नाही.

आता या सुट्या रंगांची गरज किती? खरं सांगायचं तर फार नाही. डब्ल्यूएलईडीत शंभराहून जास्त इफेक्ट आहेत. सुरुवातीला घरातली मुलं ते सगळे चालवून बघतात, पाहुण्यांना आग, धबधबा, इंद्रधनुष्य दाखवून होतं आणि मग पट्टी एका मंद नारिंगी रंगावर स्थिरावते ती दिवाळीपर्यंत. तेव्हा केवळ इफेक्टसाठी सोल्डरिंग शिकू नका.

तयार किटचे गुण मी मानतो. अर्ध्या तासात काम होतं. अडॅप्टर बंदिस्त असतो, त्यामुळे २३० व्होल्ट कुठेही हाताशी येत नाही. अलेक्सा आणि गूगल दोन्हीशी सरळ जुळतं. डब्ल्यूएलईडी अलेक्साशी थेट बोलतं, गूगलशी मात्र आडवळणानं. गावाला गेल्यावरही फोनवरून दिवे लावता-बंद करता येतात. बिघडलं तर वॉरंटीचा कागद असतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला याहून जास्त काय हवं? वाय-फायचा त्रास दोन्हीकडे सारखाच: दोघींना २.४ गिगाहर्ट्झचंच नेटवर्क चालतं आणि राउटरनं २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही बँडना एकच नाव दिलं असेल तर पहिल्या जोडणीला थोडी चिडचिड ठरलेली.

माझा निर्णय झाला तो मात्र या कशावरूनच नाही. तो झाला लाइट जाण्यावरून.

मे महिन्यात वळीव सुरू झाला की आमच्याकडे लाइट जाते, येते, पुन्हा जाते. माझ्या किटची खोड अशी होती की लाइट आली की पट्टी आपोआप पेटायची, तीही पूर्ण उजेडात, पांढरीफटक. रात्री झोपताना अ‍ॅपमधून बंद केलेली पट्टी पहाटे लाइट आल्याबरोबर अख्खा हॉल उजळून टाकायची. मग उठा, फोन शोधा, अ‍ॅप उघडा. राउटर तोवर जागा झालेला नसतो, त्यामुळे अ‍ॅप म्हणतं, उपकरण ऑफलाइन आहे. राउटर सुरू झाला तरी इंटरनेट यायला आणखी वेळ, आणि माझ्या किटचं अ‍ॅप कंपनीच्या सर्व्हरला विचारल्याशिवाय काही करायला तयार नव्हतं. पट्टी आणि फोन एकाच खोलीत, मधे चार हातांचं अंतर, पण निरोप दूरच्या सर्व्हरला वळसा घालून येणार. रिमोट होता, पण रिमोट नावाची वस्तू ज्या घरात सोफ्याच्या फटीत जाते त्या घराला त्याचा उपयोग किती, हे सांगायला नको. शेवटी आई म्हणाली, "दिवा मालवायला फोन शोधायचा? त्यापेक्षा समई बरी."

असं का करतात, यावर मी थोडा विचार केला आणि कंपन्यांची बाजू मला पटलीही. स्मार्ट बल्बचा विचार करा. तो भिंतीवरच्या बटणामागे असतो. बटण दाबलं की बल्ब लागलाच पाहिजे, नाहीतर लोक तो बिघडला म्हणून परत करतील. म्हणून वीज मिळाली की पेटायचं, हा नियम बल्बला योग्य. पीओपीच्या खाचेतल्या पट्टीला मात्र बहुधा वेगळं बटण नसतं, तिचा अडॅप्टर वरच कुठेतरी कायमचा जोडलेला असतो. तिला बल्बचा नियम लावला की लाइट येणं आणि कोणीतरी बटण दाबणं यातला फरक तिला कळत नाही. काही कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं ते ठरवायची सोय असते. माझ्या किटमध्ये ती नव्हती. तुमच्यात असेल तर पुढचं अर्धं लिखाण तुम्हाला लागू नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

डब्ल्यूएलईडीत याच गोष्टीसाठी एलईडीच्या सेटिंगमध्ये एक चौकोन आहे: वीज आल्यावर दिवे लावायचे की नाही. खूण काढली की विषय संपला. वाटलं तर उलटंही करता येतं, वीज आल्यावर अमुक रंग, तमुक उजेड असा ठरलेला प्रीसेट लावायला सांगता येतो. देवघरावरच्या छोट्या पट्टीला मी तसंच ठेवलंय, अगदी मंद पिवळा. बोर्ड राउटरशी थेट बोलतो, इंटरनेट असो वा नसो. आणि राउटरही बंद असेल तर? नोडएमसीयू नावाच्या ईएसपी बोर्डाच्या डी३ आणि ग्राउंड या पिनांच्या मधे दारावरच्या बेलचं साधं बटण जोडता येतं. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. फोन नको, अ‍ॅप नको, वाय-फाय नको. फक्त लाइट येत असताना ते बटण कोणी दाबून धरू नये, बोर्ड नीट सुरू होत नाही. हे बटण लावलं त्या दिवशी आईच्या दृष्टीनं पट्टी खऱ्या अर्थानं स्मार्ट झाली.

आता दुसऱ्या वाटेची किंमत. पैशांची म्हणाल तर बोर्ड काहीशे रुपयांचा असतो, पण पॉवर सप्लाय, पट्टी बसवायची अ‍ॅल्युमिनियमची पन्हळ म्हणजे प्रोफाइल, वायर, कनेक्टर असं करत करत आमच्याकडे तरी खर्च तयार किटच्या आसपासच गेला. बचतीसाठी या वाटेला जाऊ नये.

खरी किंमत विजेच्या हिशोबाची. मीटरला ६० दिवे असलेली पाच व्होल्टची पट्टी घ्या. पूर्ण पांढऱ्या उजेडात एक दिवा साधारण ६० मिलिअँपिअर ओढतो असं धरतात. म्हणजे मीटरला ३.६ अँपिअर आणि पाच मीटरला १८ अँपिअर, ९० वॉट. एवढा करंट पट्टीच्या पातळ तांब्यातून जाताना व्होल्टेज पडतं आणि पांढरा रंग लावला तर शेवटचं टोक पिवळट-लालसर दिसू लागतं. निळ्या-हिरव्या दिव्यांना लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, ते आधी मान टाकतात. उपाय सोपा आहे: घरच्या वायरिंगमध्ये वापरतात ती दीड चौरस मिलिमीटरची वायर घेऊन पट्टीला दोन्ही टोकांनी वीज द्यायची. आणि दुसरा उपाय त्याहून सोपा: इतका उजेड वापरायचाच नाही. डब्ल्यूएलईडीत करंटची मर्यादा घालता येते, सुरुवातीला ती ८५० मिलिअँपिअरवर असते. माझी हॉलमधली पाच मीटर पट्टी दहा अँपिअरच्या सप्लायवर आहे आणि मर्यादा आठची ठेवली आहे. त्याहून जास्त उजेड हवा असं अजून कोणी म्हटलेलं नाही. लांबी याहून जास्त असेल तर पाच व्होल्टचा हट्ट सोडून बारा व्होल्टची डब्ल्यूएस२८१५ घ्यावी, असं मी सुचवेन.

मोठ्या पट्टीला लागणारा जाळीच्या पत्र्याचा पॉवर सप्लाय, म्हणजे एसएमपीएस, मात्र गंमत नाही. त्याच्या स्क्रूंवर फेज आणि न्यूट्रल उघडे असतात. तो झाकणाच्या डब्यात, हवा खेळती राहील असा ठेवायचा, अर्थिंग द्यायचं, पट्टीकडे जाणाऱ्या तारेत फ्यूज घालायचा. २३० व्होल्टकडचं काम वायरमनकडून करून घ्यायला कमीपणा मानू नये. तो पलीकडच्या पाच व्होल्टकडे बघून हसेल, हसू द्यावं.

बारीकसारीक गोष्टी इथे थोडक्यात. बोर्डाचा डेटा ३.३ व्होल्टचा असतो, पट्टीला साडेतीनच्या वर अपेक्षित असतो. वीतभर तारेनं बहुतेक वेळा चालून जातं, लांब न्यायचा असेल तर मधे डेटाचं व्होल्टेज वाढवणारी ७४एएचसीटी१२५ ही चिप घालावी. लाल म्हटल्यावर हिरवा लागला तर पट्टी खराब नाही, सेटिंगमध्ये रंगांचा क्रम बदलायचा. सॉफ्टवेअर चढवताना संगणकाला बोर्ड दिसत नसेल तर आधी केबल बदला. फोनबरोबर आलेल्या कितीतरी केबली फक्त चार्जिंगच्या असतात. पट्टी बंद असतानाही तिच्यातल्या चिपा थोडा करंट खात राहतात, इन्व्हर्टरवर ठेवणार असाल तर हे लक्षात घ्यावं किंवा पट्टीची वीज तोडणारा रिले लावावा. डिस्टेंपरवर पट्टीमागची चिकटपट्टी पावसाळ्यात रंगासकट सुटून येते, मग ती तयार असो वा सुटी. प्रोफाइल स्क्रूनं बसवून पट्टी त्यात चिकटवलेली बरी, उष्णताही निघून जाते आणि वरच्या दुधी झाकणामुळे ठिपके दिसत नाहीत.

एका बाबतीत दोन्ही वाटा मला निराश करतात: पांढरा उजेड. लाल, हिरवा, निळा मिसळून होणारा पांढरा निळसर आणि आजारी दिसतो. त्यात वाचत बसावंसं वाटत नाही, आणि वरणभाताचा रंगही विचित्र दिसतो. पट्टी मुख्यतः संध्याकाळच्या उजेडासाठी हवी असेल तर वेगळा उबदार पांढरा दिवा असलेली एसके६८१२ जातीची पट्टी बघा, डब्ल्यूएलईडी तीही चालवतं. आणि रंग नकोच असतील तर साधी ३००० केल्विनची, म्हणजे उबदार पांढरी, सीओबी पट्टी (ठिपक्यांऐवजी सलग उजेड देणारी) आणि भिंतीवर एक डिमर. यात स्मार्ट काही नाही, पण काही घरांत मला हेच सगळ्यात छान वाटलेलं आहे.

सुट्या पट्टीचा एक फायदा मात्र खास आपल्याकडचा आहे. गणपतीच्या मखराला मीटरभर पट्टी आणि एक बोर्ड, दिवाळीत तोच बोर्ड आकाशकंदिलात. प्रीसेट आधीच भरलेले असतात, नुसता अडॅप्टर लावायचा. तयार किटची पट्टी एकदा खाचेत चिकटली की तिचा कंट्रोलरही तिथेच अडकतो.

त्यामुळे भाड्याचं घर असेल, गूगलवरच सगळं चालत असेल किंवा घरात या खटपटीची आवड कोणालाच नसेल, तर तयार किट घ्या, मी अडवणार नाही. स्वतःचं घर असेल आणि लाइट वरचेवर जात असेल तर निदान मीटरभर पट्टी जोडून बघा. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत सगळं मिळतं: मीटरभर डब्ल्यूएस२८१२बी, नोडएमसीयू, पाच व्होल्ट तीन अँपिअरचा अडॅप्टर, स्क्रूवाला डीसी जॅक. अडॅप्टरची वीज पट्टीला आणि बोर्डाला वेगवेगळी द्या, बोर्डातून पट्टीला नको. ग्राउंड मात्र तिघांचा एकच. डेटाची तार डी४ला. यूएसबी आणि अडॅप्टर एकाच वेळी लावू नका. एवढ्यात जमलं, आवडलं, की मग मोठ्या सप्लायचा खर्च करा.

आणि तयार किटच घ्यायचं ठरलं, तर दुकानात ते जोडून दाखवतात तेव्हा रिमोटनं पट्टी बंद करायला सांगा, मग प्लगचं बटण बंद करून पुन्हा चालू करायला सांगा. पट्टी आपोआप पेटली तर दुसऱ्या कंपनीचा डबा काढायला सांगा.