ओपीजी काढावा का? हो, पण रिपोर्टसकट

अक्कलदाढ ठणकते म्हणून डेंटिस्ट ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे, काढून आणायला सांगतात. मशीन १५-२० सेकंदांत डोक्याभोवती फिरतं आणि त्या एका दाढेबरोबर दोन्ही जबडे, कानाजवळचे सांधे, सायनसचा खालचा भाग, मानेची कड असं सगळं फोटोत येतं. ध्यानीमनी नसलेलं बरंच काही त्यात सापडतं. कमी रेडिएशनमध्ये एवढं दाखवणारी ही तपासणी आम्हाला मोलाची वाटते. तक्रार एकच: बऱ्याच सेंटरांत नुसती फिल्म हातात देतात. ओरल रेडिओलॉजिस्टचा (दात-जबड्याचे एक्स-रे वाचणाऱ्या तज्ज्ञाचा) लेखी रिपोर्ट मागून घ्या.

रिपोर्ट कशाला, ते पाहा. खालच्या जबड्याच्या कोनाजवळ कधी कधी पांढऱ्या कडेचा लंबगोल काळा ठिपका दिसतो. तो जबड्याच्या हाडातून जाणाऱ्या नसेच्या नळीच्या खाली असेल तर बहुतेक वेळा स्टाफ्ने पोकळी असते. १९४२ साली नोंदवलेला हा हाडाचा जिभेकडच्या बाजूचा खळगा आहे, त्याला ऑपरेशन लागत नाही. तसाच काळा भाग नळीच्या वर, हाडात अडकलेल्या अक्कलदाढेच्या माथ्याभोवती असेल आणि ३-४ मिलिमीटरच्या पुढे गेला असेल, तर सिस्टचा (द्रवाने भरलेल्या पिशवीचा) संशय घ्यावा लागतो. सिस्ट हाड पोखरत जाते आणि बरेचदा दुखत नाही, म्हणून उशिरा कळते.

मुळाशी पांढरा घट्ट डाग दिसला की लगेच रूट कॅनाल नको. आधी थंड लावून दात जिवंत आहे का ते बघतात. जिवंत असेल आणि किडलेला नसेल तर तो बहुधा निरुपद्रवी घट्ट हाडाचा तुकडा असतो.

मानेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यांच्या बाजूला पांढरे कण दिसले तर दुर्लक्ष करू नका. टॉन्सिलचे खडे किंवा जुन्या गाठीतलं कॅल्शियमही त्याच भागात दिसतं, पण मानेच्या रोहिणीत साठलेलं कॅल्शियमही तिथेच दिसतं. फिजिशियनला फोटो दाखवून डॉपलर (रक्तवाहिनीची सोनोग्राफी) करून घ्यावा.

फोटो बिघडला तर मात्र नसलेले आजार दिसतात. कानातली कुडी राहिली की तिची धूसर, मोठी सावली विरुद्ध बाजूला, थोडी वर उमटते. जीभ टाळूला चिकटवली नाही तर वरच्या मुळांवर काळा पट्टा येतो. मान पुढे झुकली तर मणक्याची पांढरी सावली पुढच्या दातांवर पडते. म्हणून कुड्या, चमकी, चेन, कवळी सगळं काढा, ताठ उभे राहा, आवंढा गिळून जीभ वर धरा आणि मशीन थांबेपर्यंत हलू नका.

दोन दातांमधली बारीक कीड ओपीजीत निसटते, त्यासाठी बाइटविंग (दातांत फिल्म धरून काढायचा छोटा एक्स-रे) काढावा. इम्प्लांटची मापंही यावरून घेऊ नयेत. प्रतिमा साधारण २० ते ३० टक्के मोठी येते, त्यामुळे मापांसाठी सीबीसीटी (जबड्याचा थ्री-डी स्कॅन) लागतो.

फिल्मबरोबर सॉफ्ट कॉपीही मागा. सहा महिन्यांनी तोच डाग वाढला का, हे जुना फोटो शेजारी ठेवूनच कळतं.