शिलाईच्या टेबलासाठी घेतलेला ९० सीआरआयचा एलईडी बल्ब

सांगलीत माझं ब्लाउज शिवायचं आणि फॉल-पिकोचं काम आहे. दिवसभर रंगाला रंग जुळवायचा, आणि दिवेलागणीनंतर नेमकं तेच जड जातं. नेहमीच्या पांढऱ्याफेक ट्यूबखाली काळं आणि नेव्ही ब्लू रीळ सारखंच दिसतं, मरून शालू चॉकलेटी वाटतो. गिऱ्हाइकं अस्तर घेऊन दारात जातात, "ताई, उजेडात बघते जरा." म्हणून गणपती पेठेतून हा १२ वॉटचा बल्ब आणला.

वॉटचा आकडा वीज किती खाणार ते सांगतो. उजेड किती पडणार ते लुमेनवर बघायचं. पण आपल्या कामाचा आकडा तिसराच, सीआरआय. या उजेडात रंग किती खरे दिसतील त्याचे ते १०० पैकी गुण. जुन्या तारेच्या पिवळ्या बल्बला जवळजवळ पूर्ण गुण असायचे. साधे एलईडी बहुतेक ८० च्या आसपास असतात. पांढरा एलईडी आतून निळाच असतो. त्या निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ चं नोबेल मिळालं. त्या एलईडीवर पिवळसर फॉस्फरचा, म्हणजे निळ्या उजेडाने पिवळं चमकणाऱ्या भुकटीचा, थर देऊन उजेड पांढरा करतात, आणि स्वस्तातल्या बल्बमध्ये लाल तिथेच कमी पडतो. मरून मार खातो तो त्यामुळे.

दुकानदाराने काउंटरवरच्या होल्डरला आधी साधा, मग हा बल्ब लावून दाखवला. मी मरून ब्लाउजपीस आणि लाल, डाळिंबी, मरून अशी रिळं बरोबर नेली होती. साध्याखाली डाळिंबी आणि मरून एकमेकांत मिसळून गेले. याच्याखाली तिन्ही सुटे दिसले, जरीतला तांबूसपणासुद्धा कळला. घेताना ४००० केल्विनचाच घ्या; केल्विन म्हणजे उजेड पिवळट की निळसर ते सांगणारा आकडा. ६५०० चा निळसर पडतो, २७०० चा हळदीसारखा, त्यात क्रीम आणि पांढरं ओळखू येत नाही.

आता उणिवा. साध्याच्या दुप्पट पैसे पडले, आणि तेवढ्याच वॉटला उजेड थोडा कमीच. चांगल्या रंगासाठी एवढं सोडावं लागतं. माझी खरी तक्रार खोक्याबद्दल आहे. सीआरआय काढतात तो आठ फिकट रंगांच्या सरासरीवर, गडद लाल त्यात धरतच नाहीत. त्याचा आकडा वेगळा असतो, आर-नाइन. तो खोक्यावर कुठेच छापलेला नाही. लग्नसराईत निम्मं काम लाल-मरूनचं असतं, कंपनीने तो छापायलाच हवा. तोवर आपलं कापड दुकानात न्या आणि बल्ब लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

बल्ब टेबलाच्या डाव्या अंगाला, डोक्यापेक्षा जरा वर लावलाय, म्हणजे उजव्या हाताची सावली सुईवर पडत नाही. आरी वर्क आणि रफूवाल्यांनी जरूर घ्यावा. जिन्याला, मोरीला साधाच पुरतो.