आरसी फोटो पेपर सांगून भलताच कागद गळ्यात मारला, पाकीट आलं की आधी वजन करा

घरच्या इंकजेटवर लॅबच्या तोडीचे फोटो निघतात हे खरंय, पण त्यात शाईइतकाच कागद महत्त्वाचा आणि नेमकी तिथेच लबाडी चालते. मी ऑनलाइन एका सेलरकडून ए-४ ग्लॉसी पेपर मागवला, पाकिटावर २७० जीएसएम, रेझिन कोटेड (म्हणजेच आरसी, प्लास्टिकचा थर दिलेला), वॉटरप्रूफ, सगळं ठळक छापलेलं. पहिलाच प्रिंट काढला तर काळे केस राखाडी, सावलीत हिरवट झाक, आणि कागद कडांनी वळून पार पापड झाला. शाई पण वाळायचं नाव घेईना, बोट लागलं की ठसा.

सेलरला फोटो पाठवले तर म्हणे सेटिंग बदला, मग म्हणे हेड क्लीनिंग करा (प्रिंटर शाई सोडून स्वतःची छिद्रं साफ करतो ते), मग डीप क्लीनिंग, मग ड्रायव्हर परत टाका... प्रत्येक वेळी एकच ओळ, तीही उशिरा रात्री, आणि भाषा इतकी गोड की वाटावं बिचारा किती मदत करतोय! प्रत्यक्षात रिटर्नची मुदत संपायची वाट बघत होता. आणि क्लीनिंगला लागणारी शाई थेट वेस्ट पॅडमध्ये, म्हणजे प्रिंटरमधल्या वाया शाई शोषणाऱ्या स्पंजात जाते हो, म्हणजे तो भुर्दंड वेगळाच.

नोझल चेक, म्हणजे शाईची छिद्रं तुंबलीत का ते दाखवणारा रेघांचा नमुना काढला, एकही रेघ तुटलेली नाही. जुन्या पाकिटातला प्रिंटर कंपनीचा एक कागद उरला होता, त्यावर तीच फाइल तशाच सेटिंगला काढली तर झकास आली. मग मात्र वजनकाटा काढला. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आणि ए-४ चे १६ कागद मिळून जवळजवळ बरोबर एक चौरस मीटर भरतात, त्यामुळे हिशोबबिशोब काही नाही, १६ कागद ठेवा आणि आकडा वाचा. २७० यायला हवे होते, आले १८० च्या आसपास.

एक कागद फाडून पण बघितला. आरसीला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा पातळ थर असतो, तो सहज फाटत नाही, जरा ताणला जातो आणि मागच्या बाजूला पाण्याचा थेंब टाकला तर तसाच बसून राहतो. हा वहीच्या पानासारखा टर्रकन फाटला, कडेला धागे दिसले, आणि थेंब तर मागून लगेच जिरून तिथे फुगवटा आला. म्हणजे स्वस्तातला कास्ट कोटेड कागद, साध्या कागदावर नुसता चकचकीत लेप. तसा तो कागद वाईट नाही, स्टिकर-ग्रीटिंगला चालतो, पण आरसीच्या नावाने आणि आरसीच्या भावात कशाला विकता?

तुम्ही पाकीट उघडताना व्हिडिओ काढा, वजन त्याच दिवशी करा आणि सेलरशी चॅट करत बसण्याआधी साइटवर रिटर्न टाकून मोकळे व्हा. मी वजनाचा फोटो पाठवल्यावर हा अर्धे पैसे द्यायला तयार झाला, अट एकच, साइटवर लिहिलेला वाईट रिव्ह्यू काढून टाका. नाही काढला. काही दिवसांनी ते लिस्टिंग गायब आणि तेच पाकीट दुसऱ्या नावाने परत विक्रीला, या वेळी ३०० जीएसएम लिहून.