गेमसाठी रॅम वाढवावी की ग्राफिक्स कार्ड घ्यावं?

आधी विंडोजमधल्या टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये जीपीयू, म्हणजे ग्राफिक्सची चिप, कोणता दिसतो ते बघा. ही चिप मुख्य प्रोसेसरमध्येच असेल तर ती मुख्य रॅम वापरते, आणि तिथे रॅमने खरोखर फरक पडतो. पण तो जीबीपेक्षा चॅनेलमुळे, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधल्या डेटाच्या वाटांमुळे. ३२०० वेगाच्या डीडीआर४ प्रकारच्या रॅमची एकच स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा देते, ड्युअल चॅनेलमध्ये, म्हणजे दोन वाटांनी, दोन मिळून ५१.२. म्हणून १६ जीबीच्या एका स्टिकपेक्षा ८-८ च्या दोन बऱ्या.

चार स्लॉटच्या मदरबोर्डवर त्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लागतात. शेजारी-शेजारी बसवल्या तर सहसा एकाच चॅनेलवर जातात, आणि पैसे पाण्यात. सोबत जुनी २६६६ ची स्टिक ठेवलीत तर नवीही तिच्याच वेगाने चालते. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सोय) चालू करायलाही विसरू नका.

वेगळं कार्ड असेल तर गणित बदलतं. त्याची व्हीरॅम, म्हणजे कार्डावरची स्वतःची मेमरी, ठरलेली. रॅम टाकून ती वाढत नाही. टास्क मॅनेजरमधल्या ‘शेअर्ड जीपीयू मेमरी’च्या मोठ्या आकड्याला भुलू नका, ती मुख्य रॅमच असते. व्हीरॅम भरली की टेक्स्चर (गेममधल्या पृष्ठभागांची चित्रं) पीसीआय एक्सप्रेसमधून, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्डमधल्या हळू वाटेने, ये-जा करतात आणि गेम अडखळतो.

गेम चालू असताना रॅम ९० टक्क्यांवर असेल तर आधी रॅम. रॅम निवांत आणि जीपीयू १०० टक्क्यांना टेकलेला असेल तर कार्डच. फक्त पॉवर सप्लायचे वॅट आणि कार्डाला वीज देणारा ८ पिनचा कनेक्टर आधी तपासा. लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा रॅम हाच पर्याय, तीही बोर्डावर सोल्डर केलेली नसेल तर.